"आधी पाण्यात काहीच टाकू नका" म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, पण वाचलंत की कळेलच कोणाला लिहिलंय ते. फोनवर "थँक्यू हं ताई" म्हटलं होतं पण ते फारच तोकडं झालं, तुम्ही एवढा वेळ दिलात त्यामानाने. म्हणून हे सगळ्यांसमोर आणि जरा सविस्तर, म्हणजे ज्यांच्या घरी स्विमिंग पूल आहे त्यांच्याही कामी येईल.

तर प्रकार असा होता की आमच्या पुलाचा पीएच खाली राहायलाच तयार नव्हता. ॲसिड टाकलं की ७.४ ला यायचा आणि थोड्या दिवसांत परत ८ च्या वर, परत ॲसिड, परत वर, टाइल्सच्या कडेला पांढरा थर धरायला लागलेला. ज्याला विचारावं तो एक नवीन डबा सुचवायचा, हे पावडर घ्या, ते लिक्विड घ्या. तुम्ही एकट्या अशा निघालात की पहिलं वाक्यच "आधी पाण्यात काहीच टाकू नका, आकडे सांगा". आणि आकडे नुसते पीएचचे नाही, टोटल अल्कलिनिटी, क्लोरीन, सायन्युरिक ॲसिड (क्लोरीन उन्हात टिकावं म्हणून पाण्यात असतं ते), कॅल्शियम सगळे, तेही स्ट्रिपचा रंग बघून अंदाजपंचे नको, थेंबांच्या किटने. अल्कलिनिटीसाठी आमच्या किटमधे हिरवं पाणी लाल होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग), आणि आमचं पाणी लाल झालं १८ व्या थेंबाला. १८० ऐकल्यावर तुम्ही "हं, मग बरोबरच आहे की" म्हणालात, आणि खरं सांगतो, तिथेच अर्धं टेन्शन गेलं. बाकी सगळे पाण्यात बिघाड आहे म्हणत होते, तुमचं म्हणणं की १८० अल्कलिनिटी असलेलं पाणी असंच वागणार.

का असंच वागणार हे तुम्ही सांगितलंत ते मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो (घरचे वैतागलेत). अल्कलिनिटी म्हणजे बहुतेक करून पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट. ते पीएचला एकदम वरखाली होऊ देत नाही, म्हणून ते हवंच, साधारण ८० ते १२० पीपीएम. पण जास्त झालं की पाण्यात कार्बन डायऑक्साइडही जास्त राहतो आणि तो हवेत निघून जायला बघतो, सोडावॉटरची बाटली उघडी राहिली की होतं तसं. गॅस गेला की पीएच चढतो. अल्कलिनिटी मात्र आहे तिथेच. म्हणजे आम्ही ॲसिड टाकून पीएच खाली आणायचो, पाणी गॅस सोडून तो वर न्यायचं, आणि कारंजं चालू असलं की हे अजून जोरात. सॉल्ट क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं यंत्र) असलेल्यांना तर हा त्रास जास्तच, त्याच्या सेलमधे हायड्रोजनचे बुडबुडे सुटत असतात, ते पाणी ढवळत राहतात.

मग तुम्ही तेच कारंजं कामाला लावलंत! ॲसिडने पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही उतरतात, हवा खेळवल्याने फक्त पीएच वर येतो. म्हणून ॲसिड टाकून पीएच ७.२ पर्यंत आणायचा, मग कारंजं चालू करून आणि रिटर्नची (पंपाकडून पाणी पुलात परत येतं त्या नळ्यांची) तोंडं वर करून पाणी उसळू द्यायचं, पीएच आपोआप चढू द्यायचा, परत ॲसिड, आणि दर फेरीला अल्कलिनिटी थोडी थोडी उतरत जाते. ५० हजार लिटरला १० पीपीएम उतरवायला ३१-३२ टक्क्यांचं म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड साधारण एक लिटर, हा हिशोब तुम्ही तोंडी केलात, मी कॅलक्युलेटर शोधत होतो. एकदम सगळं टाकू नका, हेही चार वेळा बजावलंत.

अजून एक गोष्ट, जी मला बऱ्याच जणांनी छातीठोकपणे सांगितली होती: ॲसिड एकाच जागी ओतलं तर फक्त अल्कलिनिटी उतरते आणि पसरून टाकलं तर फक्त पीएच. तुम्ही हसलात. ॲसिड शेवटी सगळ्या पाण्यात मिसळतंच, कसंही टाका, दोन्ही उतरणारच, उलट एका जागी ओतलं तर ते जड असल्याने तळाशी बसून प्लास्टर खातं. पंप चालू ठेवून रिटर्नसमोर सावकाश ओता. आणि पातळ करायचंच झालं तर ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमधे कधीच नाही, चष्मा-ग्लोव्हज घालून, क्लोरीनच्या डब्यापासून लांब, कारण ती दोन एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता, तेव्हाच कळलं की हे गमतीत घ्यायचं नाही.

पीएचच्या मागे एवढं का लागायचं तर क्लोरीनसाठी, हेही तुमच्याकडूनच कळलं. पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. पाण्यात सायन्युरिक असलं की हे गणित थोडं वेगळं होतं, आणि तेच सायन्युरिक अल्कलिनिटीच्या टेस्टमधेही मोजलं जातं, म्हणून त्याचा साधारण एक तृतीयांश वजा करायचा. आमचं ३० होतं, म्हणजे १० वजा, खरी अल्कलिनिटी १७०. ही वजाबाकी मला दुसऱ्या कोणीच सांगितली नव्हती.

आता अल्कलिनिटी ८० वर आहे, पीएच ७.५-७.६ च्या आसपास रेंगाळतो, ॲसिड क्वचित लागतं. ओळखीच्या एकांकडे बरोब्बर उलटं निघालं, क्लोरीनच्या गोळ्या वापरून वापरून (ट्रायक्लोर, ती स्वतःच आम्लधर्मी) अल्कलिनिटी पार ४० वर आलेली आणि पीएच जरा कशाने इकडचा तिकडे. त्यांना मी तुमच्याच थाटात "आधी आकडे सांगा" म्हटलं, आणि मग खायचा सोडा, अल्कलिनिटी १० पीपीएम वाढवायला ५० हजार लिटरमागे साधारण ८५० ग्रॅम. धुण्याचा सोडा नको, त्याने पीएच फार उडी मारतो. बरोबर सांगितलं ना?

तुमचे मनापासून आभार, ताई. विकायला तुमच्याकडे काही नव्हतं, तरी एवढं समजावलंत, आणि मी तेच तेच विचारलं तरी वैतागला नाहीत. टाइल्सवरचा तो पांढरा थर अजून आहे तसाच आहे, तेव्हा पुढचा फोन कॅल्शियमसाठी येणार. यावेळी आकडे आधीच काढून ठेवतो.