उजनीचं हिरवं पाणी

प्रिय अव्या,

फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. चीड, पण पत्र शेवटपर्यंत वाच. माझी शुगर आटोक्यात आहे, आईचा गुडघा आहे तसाच. प्रकृतीचं एवढं पुरे.

परवा पोरांना घेऊन उजनी धरणाच्या काठी कुंभारगावला गेलो होतो. नानांच्या होडीतून आपली सेकी चकती सोडली, पाणी किती खोलवर स्वच्छ आहे ते मोजायची काळी-पांढरी ताटली. तीच, जी रंगवताना तू सरांच्या शर्टावर काळा ऑइलपेंट सांडलास आणि नाव माझं पुढे केलंस. हातभर दोरी गेली असेल नसेल, पांढरा भाग पोपटी झाला, मग दिसेनासाच झाला. एका पोरीने विचारलं, "सर, दोरी तुटली का?" काठाला शेवाळाची साय धरली होती, तिला वास मारत होता. नानांनी जाळं ओढलं तर चिलापी, चिलापी आणि चिलापी, तीच ती परदेशी तिलापिया. मध्ये एक शिंगटा आणि काटे जाळ्यात रुतवून बसलेले हेलिकॉप्टर मासे. ते सोडवायला नाना सुरीने जाळ्याचे धागे कापत होते. मरळ कधी लागली होती, हे त्यांना आठवेना. तिथे तूच हवा होतास रे.

तू म्हणशील, बघ, मी तेव्हापासून ओरडतोय, देशी मासे गेले तो दोष चिलापीचा! १९५२ साली ती देशात आणली तिथेच वाटोळं झालं. हॉस्टेलच्या गच्चीवर यावरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरलास आणि मेसमध्ये भाकरी मात्र माझ्याच ताटातली खाल्लीस. माझं म्हणणं आजही तेच आहे. चिलापी जिंकली, कारण पाणी तिच्या बाजूने आहे. मादी अंडी तोंडात सांभाळते, तळाला गाळ बसला तरी तिचं काही अडत नाही. शेवाळ खाते, कुजका गाळही खाते. शिंगट्याला मिशा आहेत, अंधारात चाचपून पोट भरतो. मोठी मरळ डोळ्यांनी शिकार करते, तिला स्वच्छ खोल डोह लागतो. महसीरची अंडी दगडगोट्यांत पडतात, वर गाळ बसला की गुदमरतात. हाच महसीर कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून जगाला दाखवला होता. त्याच नदीतून आज शहरांचं सांडपाणी उजनीत उतरतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसतं, उजेड तळापर्यंत पोचत नाही, पाणवनस्पती मरतात आणि पिल्लांना लपायला जागा उरत नाही.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचंच बघ. तिथले सिक्लिड, ते छोटे रंगीत मासे, संपत चालले म्हणून सगळे एकट्या नाईल पर्चला, त्या बाहेरून सोडलेल्या शिकारी माशाला, शिव्या घालत होते. तो मासा अधाशी होताच, त्याला मी कुठे सोडतोय? पण सीहाउझेन या अभ्यासकाने आणि त्याच्या सोबत्यांनी १९९७ साली दाखवलं की पाणी गढूळलं तसे सिक्लिडांचे रंग माद्यांना ओळखू येईनात. तांबड्या नराची मादी निळ्याकडे जायला लागली आणि वेगळ्या जाती एकमेकींत मिसळून गेल्या. कुणी कुणाला खाल्लं नाही, तरी जात गेली! हे वाचून मला रात्रभर झोप नव्हती.

तुझा हुकमी एक्का मला पाठ आहे: "पावसाळ्यात भीमा लालभडक वाहते, तेव्हाच मासा चढणीला लागतो, मग गढूळ पाणी वाईट कसं?" अरे, तो लाल गाळ पुराबरोबर येतो आणि पूर ओसरला की खाली बसतो. आपले मासे त्या गढूळपणाला पिढ्यान्पिढ्या सरावलेत, त्यांची वीणच त्यावर बेतलेली आहे. हे हिरवं पाणी बसत नाही. शेवाळ मरतं, कुजतं, त्याच खतावर पुन्हा वाढतं आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू पार खाली नेतं. दोन्हींना एकच 'गढूळ' म्हणून तू कायम सुटलास, आता सोडणार नाही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूला म्हणावं, गणिताला घाबरू नकोस. तुझं नवं घर बघायला यायचंच आहे, दिवाळीनंतर जमवतो.

आता मुद्द्याचं. नानांच्या मच्छीमार सोसायटीची बैठक आहे. दर वेळेसारखी मागणी एकच, बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडा. कटला तगेल, तो पाण्यातलं सूक्ष्म जीवन खातो. पण मरळीचं काय, वाम माशाचं काय? मला तिथे उभं राहून सांगायचंय की आधी वरून येणाऱ्या पाण्याचं बोला, आणि तोंडी सांगून कुणी ऐकणार नाही. आपल्या वेळच्या नोंदींची निळी वही तुझ्याकडे आहे. प्रत्येक ठिकाणी चकती किती खोल दिसली आणि जाळ्यात काय आलं, ती पानं फोटो काढून लगेच पाठव. तुझं अक्षर लागलं नाही तर फोन करीन, तेव्हा तू उचल.

तुझाच,
सुऱ्या