हत्यारांआधी खोली: गुहागरच्या मित्रास पत्र

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

गॅरेजात वर्कशॉप उभारण्यासाठी तू केलेली हत्यारांची यादी मिळाली. यादीतली एकही वस्तू निरुपयोगी नाही, पण ती सगळी ज्या खोलीत राहणार तिच्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस. समुद्राच्या इतकं जवळ, जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खाली कोबा. तिथे आधी हत्यारं आणलीस आणि खोलीचं नंतर बघू म्हटलंस, तर दोन पावसाळ्यांत निम्मी गंजून जातील. वापराने चांगलं हत्यार क्वचितच संपतं. दमट जागी पडून राहिलं की संपतं. म्हणून माझं स्पष्ट मत: हाताशी असलेल्या पैशांतले निम्मे खोली, वायरिंग आणि बाकावर घाल. उरलेल्या निम्म्यांत हत्यारं घे, आणि तीही एकदम नको.

सुरुवात जमिनीपासून कर. जाड प्लॅस्टिकचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा कोब्यावर पसर, चारही कडा टेपने घट्ट चिकटव आणि एक दिवस-रात्र तसाच राहू दे. हे भर पावसाळ्यात केलंस तर उत्तर खरं मिळेल. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून वर येते आहे. वरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली आहे. ओल खालून येत असेल तर इपॉक्सी रंगाचा नाद सोड; त्याला फोड येतील आणि पापुद्रे निघतील. त्यापेक्षा प्रत्येक कपाट, मशीन आणि फळ्यांचा ढीग जमिनीपासून सहा इंच वर, स्टँडवर ठेव.

भिंतींचं वेगळं दुखणं आहे. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. त्यात अँकर बोल्ट आवळायला गेलं की आतून भुगा होतो आणि महिन्याभरात सगळं लटकायला लागतं. वजनदार फळ्या आणि हत्यारांचा बोर्ड भिंतीवर टांगूच नकोस. २५ मिलिमीटर चौकोनी पाइपची चौकट करून घे, ती जमिनीवर उभी कर, वर वाशाला बांध, आणि भिंतीपासून दोन इंच पुढे ठेव. मागून हवा खेळते, आणि लोखंड ओल्या दगडाला टेकत नाही. भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केलास तर जांभ्याची लाल पूडही बाकावर पडायची थांबेल.

आता हवेबद्दल. पावसाळ्यात दिवसभर दार उघडं टाकलं की खोली सुकते असं वाटतं, पण होतं उलटंच. रात्रभर गार झालेल्या लोखंडावर बाहेरची उबदार दमट हवा आली की त्याला घाम सुटतो, आणि तुमच्याकडे त्या हवेत मीठही असतं. मीठ स्वतः पाणी ओढून धरतं, म्हणून पुसलेलं हत्यारही पुन्हा ओलसर होतं. सगळी खोली कोरडी ठेवणं परवडणार नाही. एक कपाट कोरडं ठेवणं सहज परवडतं. घट्ट दाराचं लोखंडी कपाट घे, तळाशी जाळीच्या पिंजऱ्यात झिरोचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लाव आणि पावसाळाभर चालू ठेव. नावाला झिरो असला तरी तो १५ वॉटच्या आसपास वीज घेतो आणि तेवढी ऊब आतलं तापमान बाहेरपेक्षा दोन-चार अंशांनी वर ठेवते. मग लोखंडावर पाणी जमत नाही. एलईडी बल्ब इथे चालणार नाही, तो पुरेसा तापतच नाही. या कपाटात थिनर, पेट्रोल, तेलकट चिंध्या अजिबात नकोत. पटाश्या, रंध्याची पाती, ड्रिल बिट, आटे पाडायचे टॅप, मापाचा कॅलिपर, कानशी एवढंच त्यात.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. संडास-बाथरूम साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर लोक गॅरेजच्या कोपऱ्यातच ठेवतात. झाकण घट्ट असलं तरी वाफ निसटते, आणि बंद खोलीत तेवढ्याने सगळ्या उघड्या लोखंडावर तांबूस थर चढतो. या दोन वस्तूंना गॅरेजात जागा देऊ नकोस. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरीही तिथे नको.

रोजची देखभाल म्हणजे काम संपल्यावर कोरड्या फडक्याने घामाचे हात लागलेले भाग पुसणं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवणं. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नकोस, ती खवट आणि चिकट होतात. सुटा करायचा स्प्रे गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो. महिनोन् महिने रक्षण करायला तेल किंवा ग्रीसच हवं. गंज चढलाच तर लिंबूसत्त्व आण. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घाल, हत्यार त्यात काही तास बुडव, मधूनमधून ब्रशने घास. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धू, लगेच उन्हात किंवा गरम हवेने वाळव आणि तेल लाव. वाळवायला उशीर केलास तर अर्ध्या तासात नवा गंज येतो. स्प्रिंगा मात्र आम्लात टाकू नकोस, त्या ठिसूळ होऊन तुटतात.

आता वीज. घराच्या बोर्डातून गॅरेजला स्वतंत्र लाइन ओढ, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, घराकडच्या टोकाला २५ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. गॅरेजात छोटा बोर्ड, त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की लाइन तोडणारा स्विच), मग १६ अँपिअरच्या सॉकेटांसाठी २.५ चौरस मिलिमीटर वायर आणि दिव्यांसाठी वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी. सॉकेटांचे एमसीबी ‘सी’ प्रकारचे माग. मोटर सुरू होताना क्षणभर खूप करंट घेते आणि ‘बी’ प्रकारचे उगाच पडतात. आरसीसीबी माणसाला वाचवतो, वायरीला नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. दोन्ही हवेत. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाब. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, बाकाच्या वर घे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून मोजून घे. ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालत जा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेलीच ठेवून ग्राइंडर चालवू नये, आत उष्णता साठून इन्शुलेशन वितळतं. आणि व्होल्टेज पडलेलं असेल तेव्हा मशीनवर जोर देऊ नकोस. मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि जळते.

दिवा एक नको. चार फुटी, २० वॉटच्या एलईडी पट्ट्या घे. एक छताच्या मधोमध, आणि दुसरी बाकाच्या पुढच्या काठाच्या बरोबर वर, म्हणजे वाकल्यावर डोक्याची सावली कामावर पडत नाही.

बाक हे वर्कशॉपचं मुख्य हत्यार आहे, त्यावर काटकसर करू नकोस. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटर अँगलची चौकट, सहा फूट लांब, दोन फूट रुंद. वर १९ मिलिमीटर प्लायचे दोन थर, डिंक लावून आणि खालून स्क्रूने जोडलेले. प्लाय आयएस ७१० म्हणजे मरीन घे. तुमच्या हवेत साधी लवकर सुटते. पुढचा काठ चौकटीच्या तीन इंच बाहेर राहू दे, म्हणजे क्लॅम्प लावता येतो. उंची ठरवायची रीत अशी: सरळ उभं राहून हात कोपरात दुमड, कोपर आणि व्हाइसच्या (काम आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या) जबड्याचा वरचा काठ एका पातळीत यायला हवा. साधारण उंचीच्या माणसाला बाक ३४-३५ इंच येतो. व्हाइस पाच किंवा सहा इंची घे आणि तो बरोबर बाकाच्या पायावर बसव, मधल्या अधांतरी भागावर नको. स्थिर जबडा बाकाच्या काठाच्या किंचित पुढे यायला हवा, नाहीतर लांब पाइप किंवा पट्टी उभी धरता येत नाही, खाली बाक आडवा येतो. १२ मिलिमीटरचे आरपार बोल्ट, खाली मोठे वायसर. लाकडात मारायचे स्क्रू काही दिवसांत ढिले होतात.

हातहत्यारांत तुझी स्कूटर आणि पंप ही दोन कामं आधी असल्याने ६ ते ३२ मिलिमीटरचे रिंग आणि दुतोंडी पाने, आठ इंची पकड, हॅकसॉ, तीन कानशी, सेंटर पंच, गुण्या आणि स्टीलची पट्टी एवढं पहिल्या खेपेला पुरे. पाने तापारियाचे घेतलेस तरी चालतील, नाशिकला बनतात आणि सगळीकडे मिळतात. हॅकसॉच्या पात्याचे दात पुढच्या दिशेला हवेत. जाड लोखंडाला इंचाला १८ दात, पातळ पाइपला २४, पत्र्याला ३२. नियम एवढाच, की एका वेळी किमान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. कानस पुढे जातानाच कापते, मागे आणताना उचल. तिच्यावर आधी खडू घासलास तर ॲल्युमिनियमचे कण दातांत अडकत नाहीत. कानशी एकमेकींवर टाकून ठेवल्या की त्यांचे दात एकमेकींनीच बोथट होतात, त्यांना वेगवेगळे कप्पे कर.

ड्रिलबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण बिट सर्वांत जास्त याच अज्ञानाने जळतात. साध्या लोखंडात ५ मिलिमीटरचा बिट मिनिटाला साधारण १६०० फेऱ्यांनी चालतो, १० मिलिमीटरचा ८०० ने. स्टेनलेसला याच्या निम्म्याहून कमी. बिट जितका जाड तितका वेग कमी आणि दाब जास्त. लोक बरोबर उलटं करतात. चुरा लांब वळ्यांनी निघाला तर सगळं ठीक, भुकटी निघायला लागली तर बिट बोथट झाला. साध्या कार्बन स्टीलच्या बिटाचं टोक निळं पडलं की त्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं; तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय तो कापणार नाही. लोखंडात हॅमर मोड कधीच नको. आटे पाडायचे असतील तर ६ मिलिमीटरच्या टॅपसाठी ५ चं भोक, ८ साठी ६.८, १० साठी ८.५. टॅप एक फेरा पुढे, अर्धा मागे, तेल घालत. अडकला की जोर लावू नकोस. तुटलेला टॅप भोकातून काढणं हे भोक पाडण्याच्या दसपट काम आहे.

अँगल ग्राइंडर चार इंची पुरतो, पण त्याच्याशी मैत्री सावधपणेच कर. तो मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, म्हणून डिस्कवर छापलेला वेग त्यापेक्षा जास्त आहे का हे आधी बघ. डिस्कच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीख असते, साधारण बनवल्यापासून तीन वर्षांची. ती खरीच पाळायची, कारण डिस्कमधलं रेझिन हवेतली ओल शोषून कमजोर होतं. डिस्क हवाबंद डब्यात, आडव्या ठेव. कापायच्या पातळ डिस्कच्या बाजूने घासू नये, ती फुटते. लाकडाचं दातेरी पातं या मशीनला लावायचंच नाही, गार्ड काढायचा नाही, आणि चष्मा असला तरी वर फेसशील्ड हवं. मशीनबरोबरच कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कांड्यांची, एक जोडी घेऊन ठेव. पाच-सहा मिलिमीटर उरले की बदल, नाहीतर ते ज्यावर घासतात तो मोटरचा तांब्याचा भाग, कॉम्युटेटर, खराब होतो. ठिणग्या दहा फूट उडतात. त्या दिशेला रंगाचे डबे, भुसा, चिंध्या काही नको, आणि काम संपल्यावर अर्धा तास खोली सोडून जाऊ नकोस. आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ टांग. बाकामागे ठेवलास तर आगीच्या पलीकडे राहील. लाकडाला जवसाचं उकळलेलं तेल लावणार असशील तर त्याच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात बुडव.

कॉम्प्रेसर नंतर घे. घेतलास तर दर वापरानंतर टाकीचं पाणी खालच्या कॉकमधून सोड, कारण टाकी आतून गंजते आणि बाहेरून कळत नाही. हवेच्या लाइनला पीव्हीसी पाइप कधीही नको, फुटला की काचेसारखे तुकडे उडतात. वेल्डिंग मशीन सध्या यादीतून काढ. त्याला वेगळी लाइन, बाहेरची जागा आणि कोरडे रॉड लागतात.

व्हाइस मात्र जुना घ्यायला हरकत नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे चांगले सापडतात. नवा हवा असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट. जुना घेताना जबडा पूर्ण उघड आणि वर-खाली हलवून बघ, थोडी ढिलाई चालते. मग हळूहळू बंद कर आणि दोन जबड्यांमध्ये कागदाच्या दोन पट्ट्या, दोन टोकांना धरून आवळ. दोन्ही सारख्या घट्ट बसल्या पाहिजेत. एकच बसली तर जबडा वाकलेला आहे. स्क्रूचे आटे टोकदार झाले असतील किंवा बिडावर कुठे वेल्डिंगचा जोड दिसला तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून दे. जबड्याच्या पट्ट्या झिजलेल्या असतील तर काळजी नाही, त्या दोन स्क्रूंनी बदलतात. घासाघीस या पट्ट्यांवरूनच कर.

गॅरेजची लांबी-रुंदी आणि दार कुठल्या बाजूला आहे ते कळव, म्हणजे चौकटीचं माप काढून पाठवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत