तो डोंगर ओसाड नाही, गवताळ आहे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नैनितालजवळच्या पांगोटच्या पक्षीसहलीवरचा लेख वाचला. लेख झकास आहे, पण एका वाक्याला अडखळलो. तिथल्या विनायक नावाच्या जागेच्या उताराबद्दल लेखक म्हणतात, ‘हा डोंगर ओसाड पडलाय, वनखात्याने इथे झाडं लावायला हवीत.’ ज्या चीर पक्ष्यासाठी लेखक अंधारात उठून तिथे गेले, तो त्या उताराला झाडं नाहीत म्हणूनच तिथे राहतो.

चीर हा फेझंट, म्हणजे आपल्या तित्तराच्या आणि मोराच्या कुळातला. मोनाल या हिमालयातल्या रंगीत फेझंटसारखा झगमगाट त्याच्याकडे नाही. राखी-मातकट अंग, पट्ट्यापट्ट्यांची लांब शेपूट, डोळ्याभोवती लाल कातडी आणि मागे वळलेली शेंडी. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही सोलापूरचे पाच जण तिथे गेलो, तेव्हा पाऊण तास त्याच्या समोर उभे होतो आणि तो दिसत नव्हता, इतका गवताच्या रंगात मिसळलेला. दिसला तेव्हा खाली मान घालून कंद उकरत होता. कोंबडी पायाने उकरते, हा चोचीने. मान वर केली तर चोच पार मातीने माखलेली.

त्याच दिवशी दुपारी त्याच उतारावर बायका गवत कापताना दिसल्या. पाठीवर भारे, हातात विळा. आमच्यातला एक जण वैतागला, म्हणाला, पक्ष्याचं घरच कापून नेतायत. वाटाड्या हसला. म्हणाला, या कापतात म्हणून तर गवत टिकलंय. पलीकडच्या गावातली माणसं हल्द्वानी-दिल्लीकडे गेली, गुरं विकली, विळा थांबला. चार-पाच पावसाळ्यांत तिथे झुडपं माजली, मागोमाग चीड आला. (चीड म्हणजे तिकडचा पाइन वृक्ष आणि चीर म्हणजे पक्षी. आमचा दिवसभर घोळ चालला होता. पण चीड आला की चीर जातो, हे मात्र पक्कं लक्षात राहिलं.) मग तो म्हणाला, कड्याच्या टोकाशी बघा. तिथे विळा पोहोचत नाही, तिथलं गवत कंबरभर उभं होतं. पक्षी खायला कापलेल्या भागात येतात आणि लपायला त्या उभ्या गवतात जातात. दोन्ही जवळजवळ लागतं.

आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की कुंपण घाला, माणूस बाहेर काढा, रोपं लावा, एवढंच सुचतं. दाट जंगलाला ते ठीक असेल. गवताचा हिशेब निराळा आहे. ते कापलं, चरलं किंवा जाळलं नाही तर खाली वाळकं साचतं, नवा फुटवा गुदमरतो आणि झुडूप शिरतं. मात्र वेळ सांभाळायला हवी. चीर एप्रिल ते जूनमध्ये जमिनीवर, खडकाच्या आडोशाला अंडी घालतो. नेमका तोच उत्तराखंडातल्या वणव्यांचा हंगाम. म्हणजे पावसाळ्यानंतरचा विळा चालेल, थंडीत देखरेखीखाली थोडा पट्टा जाळलेला चालेल, पण मे महिन्यातली काडी नको. शिवाय सगळा उतार एका वर्षी कापू नये, आलटून पालटून पट्टे राखावेत. हे काम वनखात्याला गावच्या बायकांकडूनच करून घेता येईल, आणि जिथे गुरं उरली नाहीत तिथे त्यांना मजुरी देऊन. रोपांवर खर्च होतो, विळ्यावर का नाही?

हिमाचलात चैल अभयारण्यात पिंजऱ्यात वाढवलेले चीर २०१९ मध्ये रानात सोडले होते. चांगलंच आहे. पण उतारावर गवत नसेल तर ते पक्षी जाणार कुठे?

हे सगळं मी इतक्या तळमळीने लिहितोय, कारण आमच्या घराजवळ हेच झालंय. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोकाला मोकळा माळ लागतो हे ठाऊक असूनही त्या माळावर पुढे गिरीपुष्पाच्या झाडांची लागवड झाली. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा माळरानं पुन्हा ‘रिकामी जागा’ म्हणून डोळ्यांत भरली. कुसळी, मारवेल, पवन्या अशी गवतं असलेल्या, लांडगा-खोकड-तित्तर राहतात अशा माळाला सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणतात. वर्तमानपत्रात ‘ओसाड’ छापून आलं की त्या कागदाला आणखी बळ मिळतं.

लेखकांवर राग नाही, मीही पूर्वी असंच म्हणत असे. फक्त पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा आणि त्या उताराच्या छायाचित्राखाली ‘ओसाड’च्या जागी ‘गवताळ’ लिहा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर