वहिनींचा रिपोर्ट

रामबाग, इंदूर

प्रिय वसंता,

काल फोनवर तू इतका घाबरला होतास की माझं अर्धं बोलणं वाऱ्यावर गेलं. म्हणून हे पत्र. वहिनींचा रिपोर्ट समोर घे आणि निवांत वाच. लॅबमध्ये जन्म गेला माझा, पण मी डॉक्टर नाही, हे आधी लक्षात ठेव.

रिपोर्टात तीन ओळी ठळक छापल्यात, म्हणून तू तीन आजार मोजलेस. हिमोग्लोबिन 8.9, साखरेचं एचबीए1सी 6.1 आणि प्लेटलेट्स 4.8 लाख. शेवटच्या आकड्यावर तर तू थेट कॅन्सरपर्यंत पोचलास. मला मात्र तिन्हींमागे एकच कारण असावंसं वाटतं.

हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही बघ, 68 आहे. एका लाल पेशीचं सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही. ते साधारण 80 ते 100 असायला हवं. पेशी लहान राहिल्यात, म्हणजे बहुधा लोह कमी पडतंय. बी12 किंवा फोलेट कमी असतं तर उलट पेशी मोठ्या दिसल्या असत्या. एमसीएच म्हणजे एका पेशीत किती हिमोग्लोबिन आहे ते, तेही कमीच. आरडीडब्ल्यू 18, म्हणजे पेशी लहानमोठ्या, एकसारख्या नाहीत. लोह आटत जातं तेव्हा हे असंच दिसतं.

लहान पेशी थॅलेसेमिया मायनरमध्येही, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्तातल्या सौम्य दोषातही, असतात. इथे सिंधी समाजात, तुमच्या गुजरातेत लोहाणांमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो. त्यासाठी लॅबवाल्यांचा एक जुना हिशोब आहे: एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येनं भाग. वहिनींच्या लाल पेशी 4.1, म्हणजे उत्तर साडेसोळाच्या आसपास. 13 च्या खाली आलं असतं तर थॅलेसेमियाचा संशय आधी घेतला असता. हा नुसता अंदाज हं, निकाल नव्हे.

लोह कमी झालं की प्लेटलेट्स कधीकधी वाढतात आणि लोह भरून आलं की आपोआप उतरतात. शिवाय नेहमीची मर्यादाच साडेचार लाखांची. पांढऱ्या पेशी आणि त्यांची टक्केवारी, म्हणजे टीएलसी आणि डीएलसी, व्यवस्थित आहेत. त्या ओळी ठळक नाहीत म्हणून तू पाहिल्याच नसशील.

आता साखर. एचबीए1सी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. 5.7 पर्यंत ठीक, 6.5 पासून मधुमेह, मधला पट्टा सीमेवरचा. पण लोहाच्या कमतरतेत हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर दिसू शकतो. वहिनींची उपाशीपोटीची साखर 92 आहे, 100 च्या आत. तेव्हा या 6.1 वरून लगेच मधुमेहाचा शिक्का मारू नकोस. हिमोग्लोबिन सुधारल्यावर पुन्हा तपासा. तोवर जिलबी थोडी आवरा, बस.

आणि थायरॉइडच्या टीएसएच 4.6 पुढे छापलेला तो तारा? नॉर्मल मर्यादा काढतात ती निरोगी माणसांतल्या मधल्या 95 टक्क्यांवरून. म्हणजे धडधाकट माणसांतही शंभरातले पाच त्या रेघेच्या बाहेर पडणारच. पन्नास तपासण्यांचं पॅकेज घेतलंस की एखादा तारा उगवणारच, आणि पॅकेजवाले त्यावरच जगतात. टीएसएच काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्या, त्यासाठी झोप उडवू नकोस. यकृताचे एसजीपीटी आणि एसजीओटी, म्हणजेच दुसऱ्या लॅबमधले एएलटी आणि एएसटी, ते ठीक. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिनही ठीक.

डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचार. शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो आणि तो कमी निघाला तर लोहाची शंका खरी ठरते. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर मात्र फेरिटिन फुगून नॉर्मल दिसतं, म्हणून वहिनींना ताप वगैरे असेल तर आधी सांगा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर देऊ नकोस, चहा लोह शोषू देत नाही. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली सवय मात्र या कामी चांगली.

खरी काळजी मला आकड्यांची नाहीच. वहिनींची पाळी जाऊन काही वर्षं झाली. मग लोह जातंय कुठे? या वयात लोह कमी दिसलं की पोटातून थोडं थोडं रक्त तर जात नाही ना, हे बघावंच लागतं. नुसत्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वाढवलं की मूळ कारण झाकलं जातं. डॉक्टर शौचाची तपासणी किंवा दुर्बिणीची तपासणी सांगतील, तर "कशाला उगीच" म्हणू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. शौचाला काळं होतं का, हे गोळ्या सुरू करायच्या आधीच विचार, कारण लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो आणि मग काहीच कळत नाही.

आणि गुडघ्यासाठी वहिनी मेडिकलवरून परस्पर आणून वेदनाशामक गोळ्या खातात ना? त्यांनी जठराला जखम होऊ शकते. ते पाकीट डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस. जाल तेव्हा मागच्या वर्षीचा रिपोर्टही बरोबर ने. हिमोग्लोबिन तेव्हा 12 होतं की 9, यावर बरंच काही ठरेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद