शिष्यांच्या नावांची वही

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर मी चिडले. बाबा, तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात, ते रात्रभर टोचत राहिलं. म्हणून शांतपणे लिहायला बसले आहे.

आत्याचा मुलगा प्लॅन दाखवून गेला. 18,000 रुपये भरायचे, मोबाइलवर आपलं स्वतःचं गाण्यांचं दुकान मिळणार, आपल्याखाली तीन जण जोडायचे, त्यांनी आणखी तीन-तीन. पैसे भरायला तुम्ही तयार झालात याचं वाईट वाटलंच, पण आई वहीत शिष्यांची नावं काढते आहे हे कळलं आणि मला राहवलं नाही.

इथे अमेरिकेत अगदी असंच एक दुकान होऊन गेलं, बर्नलाउंज नावाचं. गाणी खरी होती, विक्रीही रीतसर. दुकानाची पॅकेजं वर्षाला साधारण 30, 130 आणि 430 डॉलरची. रोख कमाई हवी असेल तर ‘मोगल’ व्हायचं, त्याचे दरमहा वेगळे पैसे. त्या काळी आयट्यून्सवर एक गाणं 99 सेंटला मिळायचं. बाबा, तुम्ही हिशेबाला पक्के आहात. एवढ्या स्वस्त गाण्यावर विकणाऱ्याला सुटणार ते किती, आणि त्यातून 430 डॉलर कधी वसूल व्हायचे? मग एकच वाट उरते, नव्या माणसाच्या गळ्यात पॅकेज मारायचं.

2007 साली फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था, या कंपनीविरुद्ध कोर्टात गेली. माणसं जोडण्याचा मोबदला थांबला आणि कंपनीची विक्री कोसळली. गाणी तीच होती, दुकान तेच होतं. गाण्यासाठी कुणी आलंच नव्हतं, बाबा. कमिशनच्या तज्ज्ञाच्या हिशेबाप्रमाणे 93 टक्क्यांहून जास्त मोगलांचे घातलेले पैसेही निघाले नाहीत. ही पिरॅमिड योजनाच आहे, म्हणजे माल विकून नव्हे तर नवी माणसं जोडून कमाई करायची साखळी, असं 2014 मध्ये अपील कोर्टानेही सांगितलं. 2015 मध्ये सुमारे 52,000 लोकांना चेक गेले, सगळे मिळून जवळपास 19 लाख डॉलर. म्हणजे सरासरी डोई 36 डॉलर, तेही आठ वर्षांनी.

तीन, नऊ, सत्तावीस असं करत दहाव्या पायरीला 59,049 माणसं लागतात. एवढे गाण्याचे शौकीन कुठून आणायचे? आणि सगळ्यात खालची पायरी म्हणजे साखळीतले जवळजवळ दोन तृतीयांश लोक. त्यांच्याखाली कुणीच नसतं.

ते खालचे लोक म्हणजे तुमच्यापुढे पेटी घेऊन बसणारी मुलं. ती तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. सतारमेकर गल्लीतल्या त्या पोराकडून तुम्ही चार वर्षं फी घेतली नाही. तुम्ही शब्द टाकलात तर तो उसनवारी करून पैसे भरेल.

आपल्याकडेही अशा साखळ्यांविरुद्ध 1978 चा कायदा आहे, आणि 2021 च्या नियमांनी थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे. आत्याच्या मुलावर माझा राग नाही. त्याचे स्वतःचे पैसे अडकलेत, ते सोडवायला तो आपल्या माणसांच्या दारात आला. त्याला माझा नंबर द्या, मी बोलते.

माझ्यावर भार नको म्हणून तुम्ही हे करता आहात, असं आई म्हणाली. आई, मला दर्ग्यातल्या उरसाच्या गाण्याला मांडीवर घेऊन तुम्ही पहाटेपर्यंत बसायचात, तेव्हा मी तुम्हाला भार वाटले होते का? महिन्याला जे लागेल ते मोकळेपणाने सांगा. आणि पैसे आधीच भरले असतील तर तेही सांगा, मी एका शब्दाने बोलणार नाही.

रविवारी सकाळी तुमच्या वेळेने नऊला फोन करते. तोवर ती वही कपाटातच राहू दे. त्याने मागितली तरी देऊ नका.

तुमची,
लेक