नऊ पराभव, छप्पन्न गुण

लिंकन, नेब्रास्का
१२ डिसेंबर २०२१

प्रिय सुहास,

बारापैकी नऊ सामने हरणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या संघापायी एवढा जीव का टाकतोस, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर व्हॉट्सॲपच्या दोन ओळींत मावणारं नाही. सेमिस्टर संपलंय, हातात वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आकडे बघ. नेब्रास्का विद्यापीठाच्या संघानं, म्हणजे आमच्या हस्कर्सनी, या मोसमात ३३५ गुण केले आणि २७२ दिले. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ६३ गुण जास्त करूनही हिशेब काय, तर ३ विजय आणि ९ पराभव! सगळ्यात मोठा पराभव ओहायो स्टेटकडून, १७-२६, म्हणजे नऊ गुणांचा. मिशिगन स्टेट आणि मिशिगनकडून तीन-तीन गुणांनी हरलो, परड्यूकडून पाच, इलिनॉयकडून आठ. ओक्लाहोमा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि आयोवा या चौघांकडून बरोबर सात-सात. नऊ पराभवांतली सगळी तूट एकत्र केली तर ५६ गुण भरते, आणि नॉर्थवेस्टर्नविरुद्ध याच पोरांनी एका रात्रीत ५६ गुण केले होते. तो सामना ५६-७ असा जिंकला.

इथं बहुतेक जण याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. एखादा सामना नशिबानं जातो, दोन जातात. नऊ जात नाहीत.

कुठं गेले ते सांगतो, पण त्यासाठी आधी थोडा खेळ समजून घे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. तीन प्रयत्नांत जमलं नाही की चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथेनं दूर उडवून समोरच्यांच्या हवाली करतात. त्याला पंट म्हणतात. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. लाथेनं खांबांमधून मारला की फील्ड गोल, त्याचे तीन. पंट, फील्ड गोल, टचडाउननंतर किक मारून मिळवायचा जादा गुण, ही सगळी कामं एका वेगळ्या तुकडीकडं असतात. तिला स्पेशल टीम्स म्हणतात. ही तुकडी मैदानात आली की प्रेक्षक खायला-प्यायला उठतात. आमचे सामने नेमके त्या वेळात गेले.

२८ ऑगस्टला इलिनॉयविरुद्ध पहिलाच सामना. आमच्या खेळाडूनं पंट आपल्याच गोलरेषेला खेटून झेलला, तो रेषेमागं अडकला आणि त्यातून दोन गुण समोरच्यांच्या पदरात पडले. १८ सप्टेंबरला ओक्लाहोमात, नॉर्मनला. १९७१ साली या दोन संघांत जो सामना झाला त्याला इकडं शतकातला सामना म्हणतात. त्याची पन्नाशी साजरी होत होती. आम्ही टचडाउन केला, जादा गुणाची किक मारली, ती त्यांनी अडवली आणि चेंडू उचलून थेट दुसऱ्या टोकाला नेला. एक गुण मिळायचा तो राहिला आणि वर दोन गेले. त्यानंतरच्या शनिवारी मिशिगन स्टेट. दुसऱ्या अर्धात आमच्या बचावानं त्यांना जवळपास हलूही दिलं नव्हतं, २०-१३ असे पुढं होतो, शेवटची चार मिनिटं उरली होती. आमचा पंट डावीकडं गेला, अडवणारी पोरं उजवीकडं धावली. जेडेन रीडनं चेंडू घेतला आणि मोकळ्या मैदानातून ६२ यार्ड पळून टचडाउन केला. बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये आम्ही हरलो.

आणि आयोवा. २६ नोव्हेंबर, मोसमातला शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २१-६ असे पुढं. मग चौथ्याच्या सुरुवातीला त्यांनी आमचा पंट अडवून टचडाउन केला आणि पुढची सगळी पडझड तिथून सुरू झाली. २१-२८.

मिशिगनविरुद्धचा सामना मी मैदानात बघितला, ९ ऑक्टोबरला रात्री, विद्यार्थ्यांच्या लाल गर्दीत उभा राहून. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही २९-२६ असे पुढं होतो. मग २९-२९ झालं. दोन मिनिटंही उरली नव्हती, चेंडू आमच्याकडं होता, आणि आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, एड्रियन मार्टिनेझ घोळक्यात अडकला. तो थांबला होता, पंचांनी शिटी वाजवायला हवी होती, असं इथं लोक अजून सांगतात. शिटी वाजली नाही, चेंडू हातातून हिसकावला गेला, आणि मिशिगननं ३९ यार्डांवरून फील्ड गोल मारून सामना नेला. तोच मिशिगन आज राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या शेवटच्या चार संघांत आहे.

मार्टिनेझला त्या रात्री मीही मनात बोल लावले होते. पुढं बातमी आली की मिशिगन स्टेटच्या सामन्यात त्याचा जबडा मोडला होता आणि तो तसाच खेळत राहिला. मग खांदाही गेला आणि आयोवाविरुद्ध तो खेळूच शकला नाही. चार वर्षं हा पोरगा इथं खेळला. आता या महिन्याच्या सुरुवातीला त्यानं विद्यापीठ सोडत असल्याचं जाहीर केलंय. जिथं जाईल तिथं त्याला राखणारी भिंतीसारखी फळी मिळो. त्याला वाईट म्हणणाऱ्याशी मी भांडतो.

प्रशिक्षकाचं दुखणं वेगळं आहे. स्कॉट फ्रॉस्ट इथलाच, वुड रिव्हर गावात वाढलेला, आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळालं त्या संघाचा क्वार्टरबॅक. तो टॉम ऑस्बर्न यांचा प्रशिक्षक म्हणून शेवटचा मोसम होता. २५ मोसम त्यांनी संघ सांभाळला आणि एकाही मोसमात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. फ्लोरिडात सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला २०१७ मध्ये एकही पराभव न पाहू देणारा फ्रॉस्ट घरी परतला तेव्हा लोकांना तो सुवर्णकाळच परत आल्यासारखा वाटला. चार वर्षांत १५ विजय, २९ पराभव. घरच्या माणसाला जा म्हणणं जड जातं. विद्यापीठाचे क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स, जे स्वतः इथलेच जुने खेळाडू, त्यांनी ८ नोव्हेंबरला त्याला आणखी एक वर्ष दिलं. त्याचा पगार पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाखांवर आणला आणि चार सहायक प्रशिक्षक काढले. ते चौघेही आक्रमणाचे! ३३५ गुण करणाऱ्या आक्रमणाची माणसं काढली. माझ्या मते दुरुस्ती किकच्या तुकडीपासून व्हायला हवी होती, आणि ती तिथून झाली नाही तर पुढचं वर्षही असंच जाईल.

आता लोकांबद्दल, कारण तुझा खरा प्रश्न तोच होता. अख्ख्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास आणि व्यावसायिक फुटबॉलचा संघ एकही नाही. मेमोरियल स्टेडियममध्ये पंचाऐंशी हजारांवर माणसं मावतात. ओमाहा आणि लिंकन सोडलं तर एवढ्या वस्तीचं शहर या राज्यात नाही. १९६२ पासून इथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपतात. मक्याची कापणी ऐन भरात असताना शेतकरी तीन-तीन तास गाडी चालवत येतात. आणि ज्या रिवाजासाठी मला हे लोक आवडतात तो सांगतो. सामना संपला, आपण हरलो, तरी पाहुणा संघ मैदानाबाहेर जाताना इथली माणसं उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात. मिशिगनच्या रात्री माझ्या शेजारचे आजोबा वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत, माझ्याच्यानं झालं नाही.

आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये तू पाटाकडील तालमीच्या संघाचा, मी दिलबहार तालमीचा. शाहू स्टेडियमवर हरून आल्यावर तू कधी तालीम बदललीस? मग मला काय विचारतोस!

एक काम कर. आयोवाच्या सामन्याचा चौथा क्वार्टर यूट्यूबवर बघ. पंट अडवला गेला तिथं थांबवून पुन्हा-पुन्हा बघ. तू इतकी वर्षं गोलपोस्टमध्ये उभा राहिलास, समोरचा माणूस कुठल्या फटीतून येणार हे तुला आधी दिसतं. आमच्या फळीत कुणी कुणाला सोडलं ते मला सांग. मला वाटतं डावीकडून दुसरा, पण इथं कुणी माझं ऐकत नाही.

काकूंना नमस्कार सांग. पोरांचा सराव कसा चाललाय तेही लिही.

तुझा,
अभिजित