फॉरमॅट मारू न देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि लग्नपत्रिकांच्या गर्दीत मलाही धड बोलता आलं नाही. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर. एखाद्या डीटीपीवाल्याला उपयोग झाला तर बरंच.

दुकानातला क्रोम उघडला की सर्चचं पान भलतंच यायचं. व्हायरस शोधणाऱ्या स्कॅनरनं मशीन तपासलं की यादीत क्रोमच्या फायली-फोल्डरची तीच नावं : 'सिक्युअर प्रेफरन्सेस', 'वेब डेटा', 'सिंक डेटा'. सगळं क्वारंटाइन करायचं, म्हणजे बाजूला कोंडून ठेवायचं, मशीन रीस्टार्ट करायचं, स्कॅनर म्हणणार एकदम स्वच्छ. क्रोम पुन्हा चालू केला की येरे माझ्या मागल्या! ज्याला विचारावं तो म्हणे, फॉरमॅट मारा. सांगणाऱ्याचं काय जातं? कोरलड्रॉ, श्रीलिपी, जुने फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं पुन्हा टाकायला माणूस लागतो.

तुम्ही खुर्चीत बसलात आणि माउसला हात लावायच्या आधी विचारलंत, "हेच जीमेल अजून कुठं चालू आहे?"

घरी, लेकाच्या लॅपटॉपवर, मी म्हटलं. तुम्ही हसलात. सिंक म्हणजे एका जीमेलवरच्या सगळ्या मशीनवर क्रोम सारखा ठेवणारी सोय. ते चालू असलं की एक्स्टेंशन (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आणि सेटिंग्ज यांची एक प्रत गुगलच्या अकाउंटात राहते. स्कॅनर साफ करतो तो फक्त समोरच्या मशीनची हार्डडिस्क. सिंक आपलं काम इमानदारीनं करतं : इथून काढलेलं तिथून परत आणून ठेवतं. म्हणजे फॉरमॅट मारलं असतं तरी लॉगिन करताच पाहुणे हजर!

मग तुम्ही बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवलेत आणि दोन्हीकडचं सिंक बंद करायला लावलंत. अकाउंटाच्या सिंक पानावर जाऊन तिथला साठवलेला डेटा पुसलात. माझा जीव खालीवर, पण बुकमार्क मशीनवर जसेच्या तसे राहिले. खिडकी बंद केली तरी क्रोम मागे चालू राहू शकतो, हे मला तेव्हा कळलं. तो पूर्ण बंद करून मगच दोन्ही मशीन स्कॅन केलीत. एक्स्टेंशनच्या फोल्डरचं नाव ए ते पी एवढ्याच अक्षरांतलं, 32 अक्षरी. बघून काय बोध होणार? तुम्ही ते एक्स्टेंशनच्या पानावरच्या आयडीशी जुळवून दाखवलंत. ते निघालं फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरचं.

क्रोमवर बाहेरून लादलेल्या सेटिंग्ज दाखवणारं पॉलिसीचं पानही तुम्ही उघडून पाहिलंत. तिथं जबरदस्तीनं बसवलेलं एक्स्टेंशन असतं तर रजिस्ट्रीपर्यंत, म्हणजे विंडोजच्या मुळातल्या नोंदींपर्यंत, जावं लागलं असतं म्हणालात. सुदैवानं पान रिकामं निघालं. कोपऱ्यात येणारे 'व्हायरस सापडला'वाले डबे तर नुसती नोटिफिकेशन होती. त्या साइटची परवानगी काढली, गप्प झाले.

सिंक आता पुन्हा चालू आहे, पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक्स्टेंशन आणि सेटिंग्ज वगळून. पासवर्डही बदललाय, लेकाला वेगळं प्रोफाइल करून दिलंय. त्यानंतरचे स्कॅन कोरे आलेत आणि सीझनच्या पत्रिका वेळेवर गेल्या.

पैसे नाही घेतलेत, ठीक. तुमच्या व्हिजिटिंग कार्डाचं प्रूफ मी काढून ठेवलंय. नावाखाली काय टाकायचं तेवढं सांगा. आणि कागद मॅट हवा की ग्लॉसी?

तुमची,
बाजारपेठेतली डीटीपीवाली ताई